जंगली कोलंबाइन पाहायला नागपूरहून फुलांच्या घाटीत

उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीला आपल्याकडचे बहुतेक लोक ऑगस्टमध्ये जातात. खोरं तेव्हा खच्चून भरलेलं असतं, यात शंका नाही. पण हिमालयातलं जंगली कोलंबाइन हे फूल बघायचं असेल तर ऑगस्ट म्हणजे उशीर. त्याचा बहर मे ते जुलै. घाटी १ जूनला उघडते, म्हणून आम्ही जून सरता सरता नागपूर सोडलं.

नागपूरहून दिल्लीला केरळ एक्स्प्रेस, तेलंगणा एक्स्प्रेस अशा गाड्या आहेत. पुढे ऋषिकेश, आणि तिथून गोविंदघाट अंदाजे २७० किलोमीटर. रस्ता सगळा डोंगरातला, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका. पहाटे निघा आणि जोशीमठला मुक्काम करा. पावसात दरड कोसळली की रस्ता तासन् तास बंद राहतो, म्हणून परतीचं तिकीट काढताना एक दिवस हाताशी मोकळा ठेवाच.

गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप मिळते. तिथून घाटीच्या पायथ्याच्या घांघरिया गावापर्यंत साधारण १० किलोमीटरची चढण. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर, घांघरिया ३,००० मीटरच्या वर. अंबाझरीला सपाटीवर कितीही फेऱ्या मारा, त्याचा इथे फारसा उपयोग नाही. महिनाभर आधीपासून रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढा. शिवाय घांघरियाला पोचल्यावर रात्रभर आराम करूनच पुढे जा.

घाटीत मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे सकाळी गेट उघडताच आत शिरायचं. पुष्पावती नदीचा पूल ओलांडला की भूर्जवृक्षांतून खडा चढ लागतो. लोक तो घाईघाईने चढतात, कारण सगळ्यांना वरचं मोकळं कुरण गाठायचं असतं. आमची विनंती एवढीच की इथे घाई करू नका. कोलंबाइन आम्हाला भेटलं ते इथेच, झाडांच्या कडेला, खडकाच्या ओल्या सांदीत.

आधी पानं ओळखा: तीन-तीन भागांत चिरलेली, निळसर हिरवी, कोथिंबिरीचं पान मोठं करावं तशी. त्यांतून बारीक, लव असलेला दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला जांभळट फूल खाली मान घालून लटकतं. बाहेरची पाच दलं रंगाने गडद, आतल्या पाच पाकळ्या फिक्या. प्रत्येक पाकळी मागच्या बाजूला निमुळती होत पोकळ नळी बनते आणि ती टोकाशी आत वळते. मध असतो तो या नळीच्या अगदी टोकाशी, म्हणून लांब जिभेच्या भुंग्यालाच तो सरळ मिळतो. काही भुंगे मात्र नळीला बाहेरून भोक पाडून मध पितात आणि परागाला शिवतही नाहीत. नळ्यांवर अशी भोकं दिसतात का, ते जरूर बघा. फलधारणा झाली की तोच वाकलेला देठ ताठ होतो आणि शेंगा आभाळाकडे तोंड करून उभ्या राहतात. एकाच झाडावर दोन्ही अवस्था दिसल्या तर तिथे थोडा वेळ बसाच, असा योग पुन्हा कधी येणार!

फूल खाली वळलेलं असल्याने आतले पुंकेसर दिसत नाहीत. त्यासाठी खिशात छोटा आरसा ठेवा आणि हात न लावता फुलाखाली धरा. हे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथलं फूल किंवा बी तोडणं गुन्हा आहे. आणि बी आणून करणार काय? थंडीत वाढणारं हे झाड नागपूरच्या मे महिन्यात तगणार नाही.

जूनमध्ये काही ओढ्यांवर बर्फ शिल्लक असतो, तेव्हा पकड असलेले बूट आणि काठी हवीच. छत्रीपेक्षा पोंचो बरा, हात मोकळे राहतात. घरातली वडीलधारी मंडळी सोबत असतील तर घांघरियापर्यंत घोडा मिळतो, पण घाटीत घोडे सोडत नाहीत. तिथे कंडीवाल्याला, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत माणसाला बसवून नेणाऱ्या हमालाला, सांगावं लागतं, आणि तो आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवलेला बरा.