ऐरोलीची खाडी, पन्नास मुलं आणि सुटलेली बोट

नवी मुंबईत दिघ्यातल्या आमच्या शाळेपासून ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र फार तर पाचेक किलोमीटरवर असेल. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आली. तरी माझ्या सहावीच्या पन्नास मुलांपैकी ती खाडी जवळून पाहिलेली होती फक्त तिघांनी. बाकीच्यांना खाडी माहीत होती ती लोकलच्या खिडकीतून येणाऱ्या वासापुरती.

अडत होतं बसपाशी. दिवसाचं भाडं ७,५०० रुपये, म्हणजे डोक्यामागे दीडशे. ज्यांचे आईवडील सकाळी नाक्यावर काम मिळायची वाट बघत उभे असतात, त्यांच्याकडे दीडशे रुपये मागायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून एका कंपनीने सगळा खर्च उचलला तेव्हा मला झालेला आनंद खरा होता आणि त्या पैशाबद्दलची कृतज्ञता आजही तशीच आहे.

पण त्या सकाळचा रागही अजून गेलेला नाही. बोटीच्या फेऱ्या भरती-ओहोटी बघून ठरतात. आम्हाला आठची वेळ दिली होती आणि साडेसातला मुलं दारात हजर होती. कंपनीची माणसं आली पावणेनऊला. मग बॅनर बांधणं, टोप्या वाटणं, भाषण, फोटो. एकदा उन्हामुळे चेहरे नीट आले नाहीत म्हणून सगळ्यांना पुन्हा उभं केलं. एक मुलगा सारखा मान वळवून धक्क्याकडे बघत होता, तर त्याला "इकडे बघ" म्हणून दटावलं. तोवर पाणी उतरायला लागलं होतं. बोट गेली. फेब्रुवारीत खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, भरपूर असतात. आमच्या वाट्याला आली ती धक्क्यावरून दिसणारी दूरची गुलाबी रेघ. "बाई, ते खरंच पक्षी आहेत ना?" एकीने विचारलं. मला उत्तर द्यायला क्षणभर जड गेलं.

मग आम्ही तिवरांतल्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांतल्या पायवाटेने निघालो आणि तिथून पुढचे दोन तास मी जन्मभर विसरणार नाही. चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी मुळं वर आली होती. झाडाची मुळं वर कशी, यावर मुलांचं भांडण जुंपलं. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर श्वास घ्यायला मुळं वर काढतो, हे सांगितल्यावर एका मुलाने नकळत स्वतःचाच श्वास रोखून बघितला. मी एक पान उलटं करून त्यावरचे मिठाचे बारीक कण दाखवले. "चाटू का?" म्हणाला. मी हो म्हणायच्या आत पाच जिभा बाहेर. "खारट! बाई, झाड खारट आहे!"

आणि मग ती मुलगी. वर्गात शेवटच्या बाकावर बसते, हजेरीलासुद्धा ओठातल्या ओठात "हजर" म्हणते. चिखलावर काहीतरी टुणकन उडालं आणि पोरं किंचाळली, "बेडूक!" ती एकदम पुढे झाली. "बेडूक नाय, निवटी हाय ती. मासाच हाय, पन चिखलावर चालते. माझी आजी कालवन करते निवट्यांचा." तिची आजी दिवा कोळीवाड्यातली. पुढचा अर्धा तास तिनेच वर्ग घेतला: निवटी बिळात कशी शिरते, ओहोटीला चिखलात पाय कसा टाकायचा म्हणजे रुतत नाही, एकच नांगी मोठी असलेला खेकडा नर कसा ओळखायचा. परभणी-जालन्याहून आलेल्या घरांतली मुलं तिच्याभोवती कोंडाळं करून उकिडवी बसली होती. माहितीफलकांपाशी मग फारसं कोणी थांबलं नाही आणि मीही कोणाला थांबवलं नाही.

जेवण, केंद्रातलं दालन, परतीचा प्रवास, सगळं नेहमीसारखं पार पडलं.

सोमवारी हजेरी घेताना तिचा "हजर" दारापर्यंत ऐकू आला. दोन मुलं तिच्या शेजारी, शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती.

पुढच्या वर्षीसाठी त्याच कंपनीला पत्र लिहिलं आहे. बसच मागितली आहे, टोप्या नकोत म्हटलं आहे. आणि सहलीच्या तारखेपुढे त्या दिवशीच्या भरतीची वेळ लिहून तिच्याखाली दोनदा रेघ ओढली आहे.