पिवळ्या पानांचं दुखणं मुळाशी

माझी शिलाई मशीन पडवीत पूर्वेच्या खिडकीशी आहे. मशीनवर बसलं की उजव्या हाताला अँथुरियमची कुंडी येते. ब्लाऊजचं माप द्यायला येणाऱ्या बायका आधी त्या लाल फुलांना हात लावून बघतात, प्लॅस्टिकची तर नाहीत ना म्हणून, आणि मग हळूच आपल्या घरचं रडगाणं सांगतात. गेल्या श्रावणात एका आठवड्यात चौघींनी तेच सांगितलं: पानं पिवळी पडतायत, खत घातलं तरी पडतायत. म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

माझं पहिलं झाड मी २०२१च्या मे महिन्यात आणलं. घरी आणल्या आणल्या मोठी दहा इंची कुंडी घेतली, वाडीतली लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत, आणि झाड त्यात पक्कं दाबून बसवलं. जास्वंद, अबोली, मोगरा सगळं मी असंच लावत आले होते. महिनाभर झाड खूश होतं. मग मृग लागला. आमच्याकडे वेंगुर्ल्यात एकदा झड धरली की आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. त्या हवेत कुंडीतली माती कुठून वाळणार! खालचं पान पिवळं पडलं, मग त्याच्या वरचं. मला वाटलं भूक लागली असेल, म्हणून आणखी शेणखत घातलं. पानं मलूल होऊन लोंबायला लागली, तेव्हा तहान लागली असेल म्हणून पाणी घातलं. माती ओली आहे हे बोटाला कळत होतं, पण लोंबणारं पान बघून राहवलं नाही.

सासूबाई ओटीवर बसून दोन दिवस हे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पाना कित्याक बघतंस गो? कुंडी उपडी कर, मुळा बघ."

कुंडी उपडी केली तर आधी वासच आला, साठलेल्या चिखलाचा. मुळं तपकिरी, लिबलिबीत. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. मूळ कुजल्याची याहून सरळ खूण नाही. निरोगी मूळ पांढरट, टणक असतं, दाबलं तरी चेपत नाही. पानं लोंबत होती ती खरंच तहानेनं, पण पाणी ओढायला मुळंच उरली नव्हती. मी ओतत होते ते पाणी त्यांना आणखी कुजवत होतं.

सासूबाई अळू आणि सुरण लावण्यात पक्क्या. त्यांनी पान उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "ह्या आमच्या अळवाच्या भावकीतला झाड दिसता." आणि ते खरंच आहे. अँथुरियम, अळू, सुरण सगळी एकाच कुळातली. चीक अंगाला लागला की खाजही तशीच सुटते, म्हणून लहान मुलं, मांजरं यांच्या तोंडाशी ते येऊ देऊ नये. पण एका कुळातली असली तरी राहणी वेगळी. अळू चिखलात पाय रोवून उभं राहतं. अँथुरियम मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया-इक्वेडोरकडच्या ओल्या जंगलांतलं. त्याच्या कुळीतली कितीतरी झाडं फांद्यांवर, पालापाचोळ्यात मुळं पसरून राहतात. पाऊस पडतो, मुळं भिजतात आणि पाणी लगेच निथळून जातं. ओल हवी आणि वाराही हवा, दोन्ही एकाच वेळी. आपली चिकट माती पावसाळ्यात त्याचा श्वासच कोंडते.

मग मी काय केलं ते सांगते. मुळं वाहत्या पाण्याखाली धुतली. ब्लेड स्पिरिटनं पुसून कुजकं सगळं कापलं, अगदी पांढरं लागेपर्यंत. शेवटी चार-पाच मुळं उरली. माती पूर्ण टाकली. नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, आपल्याकडे परसात पडलेलीच असतात. त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून चार दिवस पाण्यात ठेवले आणि रोज पाणी बदललं. पहिल्या दिवशी पाणी चहासारखं लाल होतं, ते फिकं होईपर्यंत सोडण वापरायचं नाही. त्यात फुटक्या कौलाचे तुकडे, लाकडी कोळसा आणि मूठभर कुजका पाला. कुंडी सहा इंची, मातीची, बुडाला आणि कडेलाही भोकं असलेली. मुळं थोडी असताना मोठी कुंडी देऊ नये, रिकाम्या भागातली ओल हटत नाही. देठं फुटतात तो बुंधा वर राहील इतपतच बसवलं. खत बंद. नवं पान यायला दीड महिना लागला, गणपतीच्या आधी आलं. ते तांबूस, चकचकीत पान उलगडताना मी मशीन थांबवून बघत बसले होते.

सगळंच पिवळं पान मात्र मूळकुजीचं नसतं. वर्षातून एखाददुसरं तळाचं जुनं पान पिकून गळणारच. पावसाळ्यात एकामागून एक जायला लागली की कुंडी उपडी करायची.

आता डागांचं. यात मी एक झाड गमावलंय, म्हणून जरा सावकाश लिहिते. एप्रिल-मेच्या उन्हाचा चट्टा पानाच्या मधोमध, उन्हाकडे तोंड असलेल्या भागात पडतो. आधी फिक्का, मग कागदासारखा कोरडा, आणि झाड सावलीत घेतलं की तिथेच थांबतो. दुसरा प्रकार शेंडा करपण्याचा. आमच्या विहिरीचं पाणी वैशाखात मचूळ होतं, समुद्र जवळ ना. तेच पाणी रोज घातलं की क्षार सोडणात साठतात आणि पानांची टोकं तपकिरी होतात. जास्त खतानंही हेच होतं. त्यावर मी पागोळीचं पाणी पिंपात धरून ठेवते आणि पाऊस लागेपर्यंत या कुंड्यांना तेवढंच पुरवून घालते. टोकं करपलेली दिसली तर कुंडी मोरीत ठेवून खालून भरपूर निथळेपर्यंत ते पाणी एकदा ओतते.

तिसरा डाग घाबरवणारा. तो बहुतेक पानाच्या कडेला सुरू होतो. पान उजेडासमोर धरलं तर डाग तेल लागलेल्या कागदासारखा दिसतो, मग मध्ये काळपट आणि भोवती पिवळी किनार. झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होणारा हा करपा. दमट रात्रीनंतर सकाळी अँथुरियमच्या पानांच्या कडेला पाण्याचे बारीक थेंब असतात, ते दवाचे नव्हेत, पानानंच सोडलेले असतात. ते जिथून बाहेर येतात त्याच छिद्रांतून हा जिवाणू आत शिरतो. हवाई बेटांवर १९८०च्या दशकात या रोगानं अँथुरियमच्या बागाच्या बागा बसल्या. यावर खात्रीचं औषध नाही. डाग एका पानावर असेल तर ते पान देठासकट कापायचं, प्रत्येक कापानंतर ब्लेड स्पिरिटनं पुसायचं, आणि पानांवर पाणी शिंपडणं बंद. माझ्या दुसऱ्या झाडाचं मी एकच पान कापून समाधान मानलं आणि कुंडी पागोळीखालीच राहू दिली. पंधरा दिवसांत देठं बुंध्यापाशी सुटून यायला लागली. बुंधा कापून पाहिला तर आत तपकिरी. ते झाड कुंडीतल्या सोडणासकट न्हाणीच्या चुलीत घातलं. गाईगुरांच्या खतात किंवा अळवाच्या वाफ्याजवळ टाकलं नाही, कारण कुळातल्या इतर झाडांनाही हा लागू शकतो.

फुलं येत नाहीत ही तक्रार बहुतेक वेळा उजेडाची असते. कौलारू घरात पावसाळ्यात आतल्या खोलीत दिवसाही दिवा लागतो, तिथे झाड पानांवर जगेल, फुलणार नाही. दरवाजाजवळ किंवा सकाळचं कोवळं ऊन येणाऱ्या खिडकीशी ठेवा. झाड जाणतं झालं की नव्या पानाच्या बगलेतून एकेक फूल येतं, म्हणजे पान आलं तर फुलाची आशा धरायची. फुटवा आला की मी दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, तेही ओल्या सोडणावर घालते. आणि लाल फूल हिरवं झालं म्हणून घाबरू नका. ती लाल पाकळी म्हणजे रंगीत पानच, खरी फुलं मधल्या दांडीवर बारीक दाण्यांसारखी असतात. महिना-दीड महिन्यानं पाकळी म्हातारी होते, हिरवट होते, तेव्हा देठ तळाशी कापायचा.

पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसाच्या बोंडासारखी पांढरी कीड, दिसला तर स्पिरिटात बुडवलेल्या कापसानं पुसा, आणि मुंग्यांची रांग कुठून येते ते शोधा, त्याच त्याला राखतात.

माझं पहिलं झाड अजून आहे. आता त्याचा बुंधा वीतभर वर आलाय, खालून उघडा, आणि मधूनच जाड मुळं हवेत लोंबतात. त्या मुळांभोवती मी ओला काथ्या बांधून ठेवलाय. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण सरला की मुळांखाली कापून शेंडा नव्या कुंडीत बसवणार आहे. उरलेला खुंट टाकणार नाही, त्याला बाजूनं फुटवे येतात. पहिला फुटवा त्या चौघींपैकी जिचं झाड पार गेलं तिच्यासाठी ठेवलाय. तिची सहा इंची कुंडी आत्ताच मशीनखाली येऊन पडलीये, आणि सोडणं भिजत घातली आहेत.