कोड आला म्हणजे गिअरबॉक्स गेला असं नाही

ऐन पावसाळ्यात खंबाटकी घाट चढताना माझी जुनी ऑटोमॅटिक गाडी वरच्या गिअरलाच अडकली. कितीही दाबा, गिअर खाली पडेना. गॅरेजमध्ये स्कॅनरवर पी 0753 कोड आला आणि लगेच निकाल मिळाला, "साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मला पटलं नाही. हा बिघाडाचा कोड शिफ्ट सोलेनॉइड 'ए'च्या सर्किटचा. शिफ्ट सोलेनॉइड म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलात बसणारा, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यावर चालणारा गिअर बदलायचा विजेचा व्हॉल्व्ह. सर्किट म्हणजे सोलेनॉइड, प्लग, वायर, त्याला हुकूम देणारा कंट्रोलर सगळंच आलं. दोष नेमका कुठे आहे हे मोजल्याशिवाय कसं कळणार?

घरी पोचलो आणि गाडी गरम असतानाच सोलेनॉइडचा रोध मोजायला बसलो, ती घाई झाली. बॅटरीची निगेटिव्ह सोडवली. मल्टीमीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवल्या तर 0.3 ओहम, तेवढे प्रत्येक वेळी वजा करायचे. माझ्या सोलेनॉइडला एकच वायर येते, दुसरं टोक गिअरबॉक्सच्या केसिंगलाच अर्थ आहे. म्हणून मीटरचं एक टोक प्लगच्या पिनवर आणि दुसरं केसिंगच्या घासून स्वच्छ केलेल्या जागेवर धरलं. मॅन्युअलप्रमाणे 20 अंशांना 11 ते 15 ओहम हवेत. आले 16.2. पोटात गोळाच आला! रात्री आठवलं की तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. तेल ऐंशीच्या पुढे तापलं असेल तर 13 चे 16 होणारच. सकाळी गार गाडीवर मोजले, 13.1. सोलेनॉइड ठणठणीत होता.

मग कंट्रोलरचा प्लग काढून तिकडून मोजलं. 13.3, तेही बरोबर. पण उभ्या गाडीत बरोबर आलेला आकडा घाटातल्या हादऱ्यांचं काहीच सांगत नाही. बायकोला मीटरकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि वायरिंग वीत-वीतभर हलवत गेलो. बॅटरीच्या ट्रेखाली हात गेला तशी ती म्हणाली, "अहो, आकडा गेला! ओएल दिसतंय." ओएल म्हणजे सर्किट तुटलेलं.

टेप सोलली. आत तांब्यावर हिरवा कळंक चढलेला, तारा तुटून नुसत्या एकमेकींना टेकलेल्या. हादरा बसला की सुटायच्या. तेवढा तुकडा कापून नवीन वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली. मीटर अगदी थोडाच करंट सोडतो, त्याला एखादी तारही पुरते. सोलेनॉइडला मात्र जवळजवळ एक अँपिअर लागतो. म्हणून दोन्ही प्लग काढलेलेच ठेवून त्या वायरीतून 12 व्होल्टचा बल्ब पेटवून पाहिला. लख्ख पेटला.

कोड पुसला, त्याला आता चार महिने झाले. गार आणि गरम गाडीवरचे दोन्ही आकडे सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवलेत, प्रत्येकापुढे तेलाच्या तापमानासकट.