सॉफ्टवेअर-वैमानिक आणि नेतृत्वाचे निर्णय

ऑक्टोबर १९९७मध्ये अमेरिकी सैन्याच्या ‘स्टो-९७’ या ४८ तासांच्या संगणकीय युद्धसरावात ‘टॅकएअर-सोअर’ या प्रणालीतील सॉफ्टवेअर-वैमानिकांकडे अमेरिकी विमानांची सातशेहून अधिक उड्डाणे सोपवली होती, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. विमान उडवणे हा त्यातला सोपा भाग होता. हजारो नियमांच्या आधारे प्रत्येक वैमानिक परिस्थितीचा अर्थ लावत असे, सहकाऱ्यांशी रेडिओवरून संपर्क ठेवत असे आणि उड्डाणाचा हेतू बदलला तर स्वतःची चालही बदलत असे. मिशिगन विद्यापीठात घडलेल्या या कामाची खरी ताकद मला इथेच दिसते, कारण प्रत्येक निर्णयामागचा नियम नंतर तपासता येतो. सेनापतीच्या मनातली भीती आणि थकवा मात्र अशा नियमांत मांडणे फार कठीण आहे.