मालगुजाराच्या वाड्यात कॅमेरा घेऊन

गावाचं नाव लिहीत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं गाव आहे, एवढं पुरे. जुन्या सागवानाचे व्यापारी अशा वाड्यांच्या शोधातच असतात, आणि एकदा खांब उतरले की मागे मातीचा ढीग उरतो.

वाड्याचे मालक आता नागपूरला असतात. त्यांना रीतसर विचारून गेलो. किल्ली शेजारच्या बाबाजींकडे होती. दार उघडतानाच त्यांनी बजावलं, "माडीवर जाशीन तं भितीच्या कडेकडेनं जाजो बाप्पा. मधात पाय ठेवू नोको, फळ्या सडल्या हायेत."

पडक्या वाड्याचे फोटो म्हटले की भिंतीतून उगवलेला पिंपळ, लोंबणारं कवेलू, तुटकी खिडकी. असे फोटो सहज निघतात, पण त्यातून घर कळत नाही. मला पाहायचं होतं, हे घर चालायचं कसं.

देवडीतून आत गेलं की उजव्या हाताला बैठक. ओसरीपेक्षा हातभर उंच. रयत शेतसारा भरायला इथे यायची. मालगुजार गावाचा सारा गोळा करायचा, ठरलेला भाग सरकारात भरायचा आणि उरलेला त्याचा. १९५० च्या कायद्याने ही पद्धत मोडली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क संपले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. गावाबाहेरचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलावही, मालगुजारांच्याच काळातला, अजून त्याच्यावर धान पिकतो.

कॅमेरा आधी ओसरीवर, जमिनीलगत ठेवला. सारा द्यायला आलेल्या माणसाची नजर तिथून वर जायची. मग बैठकीवर गादीच्या जागी बसून उलटा फोटो काढला. एकाच चौकटीत देवडीचं दारही आलं आणि कोठीचंही. कोण आलं, किती पोती आत गेली, मालकाला बसल्या जागी दिसावं अशी ही मांडणी. ती चौकट पाहिली आणि मला तो वाडा पहिल्यांदा समजला.

आत उजेड फार कमी. चुलीच्या धुराने काळं पडलेलं आढं सगळा प्रकाश गिळून टाकतं. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, भिंगाचं छिद्र एफ/८, आणि काही सेकंदांचं एक्स्पोजर, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं. झरोक्याचा उजेड फोटोत पांढराफटक होऊ नये म्हणून तोच फोटो कमी-जास्त एक्स्पोजरवर काढून घेतला. फ्लॅश नाहीच, माडीत वटवाघळं आहेत. त्यांच्या विष्ठेच्या धुळीसाठी मास्क लावला होता, तो सगळ्यांनी लावावा. खांबांवर मात्र टॉर्च अगदी बाजूने, लाकडाला घासून मारला, तेव्हा सुताराच्या वाकसाचे घाव उठून दिसले. खांबाच्या डोक्यावरचा कुसू (खाचेत बसणारं टोक) तुळईत बसवलेला, खिळा कुठेच नाही. त्या सांध्यांचे फोटो मोजपट्टी शेजारी धरून काढले. उद्या लाकूड विकलं गेलं तरी मापं राहतील.

कोठीपाशी बाबाजी आपणहून बोलू लागले. "माहा बाप इथंच बसून पायलीनं धान मोजे." त्यांना त्याच जागी उभं राहायला सांगितलं. दार त्यांच्या खांद्याला लागलं. पोतं घेऊन आत जाणाऱ्याला दर खेपेला वाकावंच लागलं असणार. सगळ्या फोटोंत मला हाच मोलाचा वाटतो.

माडीवरची पूर्वेची खोली कशाची होती, ते विचारलं. बाबाजी म्हणाले, "मले काय मालूम? आमाले वर जाऊच नाई देत होते." मी त्यांना वर चला म्हटलं, पण ते चढले नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्या घरच्या थोरल्या आजींकडे प्रिंट घेऊन नागपूरला जातोय. प्रत्येक खोलीचं नाव आणि तिथे कोण बसायचं, हे फोटोमागे त्यांच्याकडून लिहून घ्यायचं आहे. एक संच त्यांना आणि एक बाबाजींना देईन.