क्लच दाबला तरी गाडी सरकते? प्लेट बदलण्याआधी मिलिमीटर मोजा

पहिला गिअर टाकताना ‘खाड्’ असा आवाज येतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही आणि लिव्हर ग्रिपला टेकेपर्यंत दाबूनही गाडी पुढे ओढते. १००–१२५ सीसीच्या मोटारसायकलींची ही नेहमीची तक्रार. त्यावर सर्रास नवीन क्लच प्लेटचा सेट बसवला जातो, आणि पुष्कळदा दुखणं तसंच राहतं. प्लेट झिजली की क्लच घसरतो: इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही. क्लच न सुटणं हे त्याच्या अगदी उलटं दुखणं आहे.

आधी खात्री करून घ्या. इंजिन गरम असू द्या, आयडलिंग बरोबर असू द्या, कारण आयडलिंग चढलेलं असलं तरी गिअर आवाज करूनच पडतो. गाडी डबल स्टँडवर लावा, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. मागचं चाक थोडं फिरेल. प्लेटांमधलं ऑइल तेवढं चाक फिरवतंच, तो दोष नाही. आता मागचा ब्रेक हलकेच दाबा. चाक मुकाट्याने थांबलं तर क्लच सुटतोय. इंजिनचा आवाज खाली बसला किंवा गाडी बंद पडली, तर सुटत नाही. फक्त सकाळी पहिल्यांदाच गाडी झटका देत असेल तर प्लेटा रात्रभरात एकमेकींना चिकटल्यात. इंजिन बंद ठेवून दुसरा गिअर टाका, क्लच दाबून गाडी मागेपुढे ढकला, सुटतात.

आता हिशेब, कारण सगळी गोम इथेच आहे. लिव्हरचं टोक पिव्हटपासून, म्हणजे लिव्हरच्या फिरण्याच्या खिळीपासून, १४० मिमी आणि केबल अडकते ती जागा २५ मिमी लांब आहे असं धरू. म्हणजे टोक १० मिमी हललं की केबल जेमतेम पावणेदोन मिमी ओढली जाते. इंजिनवरचा आर्म ही हालचाल आणखी कमी करून प्रेशर प्लेट, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने बाकीच्या प्लेटा दाबून धरणारी थाळी, उचलतो. एकूण उचल १.६ मिमी धरली आणि चार फ्रिक्शन प्लेट (अस्तराच्या; त्यांच्या मधेमधे साध्या स्टील प्लेट येतात) असल्या, तर त्यांच्या दोन्ही बाजू मिळून आठ फटी पडतात; एकेका फटीच्या वाट्याला ०.२ मिमी. लिव्हरपाशी १० मिमी वाया गेले की यातले साधारण ०.३ मिमी जातात. एवढ्याशा फटीत चालणारा कारभार आहे हा, म्हणून वरची प्रत्येक ढिलाई आत जाणवते.

त्यामुळे इंजिन उघडण्याआधी केबल बघायची. फ्री प्ले, म्हणजे केबल ताणली जाण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल, लिव्हरच्या गोल टोकाशी मोजतात, आणि या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना तो १० ते २० मिमी लागतो; तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून दोन्हीकडे मोजा. फरक पडला तर केबल चुकीच्या वाटेने नेली आहे किंवा कुठेतरी दबते आहे. ॲडजस्ट करताना वरचा ॲडजस्टर पूर्ण आत घ्या, खाली इंजिनजवळचा लॉकनट सैल करून मोठी दुरुस्ती तिथे करा, आणि वरचा ॲडजस्टर शेवटच्या बारीक फरकासाठी राखा. फ्री प्ले शून्यावर आणू नका. मग क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि प्लेटा जळतात.

फ्री प्ले बरोबर असूनही क्लच सुटत नसेल तर एकाला लिव्हर दाबायला सांगा आणि खाली आर्मकडे बघा. आर्म हलायच्या आधी केबलचं बाहेरचं कव्हर वाकत, दबत असेल तर केबल बदला. लिव्हरमधलं पिव्हटचं भोक लांबट झालं असेल तर लिव्हर बदला. लिव्हरपाशी केबलच्या टोकाला दोनचार तारा तुटून फुलल्या असतील तर तीही गेली. ॲडजस्टरची चीर वरच्या बाजूला राहिली तर पावसाचं पाणी थेट केबलमध्ये उतरतं. ती खाली फिरवून लॉक करा.

मग ऑइल. १०डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५०, म्हणजे जास्त दाट ऑइल, ओतलं की थंडीत क्लच हमखास ओढतो. लेव्हल जास्त असली तरी तेच. डबा घेताना त्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचसाठीची प्रत) लिहिलेलं बघा.

एवढं करूनही फरक नसेल तरच ऑइल काढून क्लच कव्हर उघडा. कव्हरचे बोल्ट कमीजास्त लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या त्या जागी खोचून ठेवा. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. प्लेटांचा क्रम लिहून ठेवा.

आता बास्केटच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या वाटीच्या, बोटांवरून नख फिरवा. फ्रिक्शन प्लेटचे कान आदळून तिथे खाचा पडतात. प्लेट त्या खाचेत अडकते, उचल मिळूनही सरकत नाही. जुन्या गाडीत खरा गुन्हेगार बहुधा हाच असतो, आणि नवा सेट टाकून तो जात नाही. नखाला जेमतेम लागणाऱ्या खाचा बारीक कानशीने सपाट करता येतात. कीस एकही आत राहू देऊ नका. खोल खाच असेल तर बास्केट बदला. मधल्या हबच्या (स्टील प्लेट ज्यावर बसतात त्या भागाच्या) दातांवरही तसंच बघा आणि हबचा नट घट्ट आहे का तपासा.

स्टील प्लेट जाड काचेवर ठेवून फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पाती) फिरवा. ०.२ मिमीचं पातं खालून सरकलं तर ती प्लेट वाकली आहे, वर केलेला फटीचा हिशेब आठवा. निळी पडलेली प्लेटही नको. चारही स्प्रिंगांची लांबी मोजा. एक जरी आखूड असली तरी प्रेशर प्लेट तिरकी उचलते, बदलताना चारही बदला. लिफ्टरचं, म्हणजे प्रेशर प्लेट उचलणाऱ्या भागाचं, बेअरिंग हाताने फिरवून बघा. नव्या सेटची जाडी जुन्या प्लेटांच्या शेजारी ठेवून मोजा. स्वस्तातले काही सेट जाड निघतात आणि त्यात उचल पुरत नाही. नव्या फ्रिक्शन प्लेट बसवण्याआधी काही तास इंजिन ऑइलमध्ये भिजवा.

स्प्रिंगचे एम६ बोल्ट पुन्हा आळीपाळीने आवळा. १०–१२ न्यूटन मीटर पुरे, जास्त जोर लावला तर हबची ॲल्युमिनियमची आटी जाते. कव्हरला नवीन पॅकिंग घाला. नव्या प्लेटा बसत जातात तसा फ्री प्ले कमी होतो, म्हणून शंभरेक किलोमीटरनंतर लिव्हरचं टोक पुन्हा पट्टीने मोजा.