भेटीच्या आधीचे महिने

गुन्ह्याची झळ सोसलेली व्यक्ती आणि त्या गुन्ह्यासाठी तुरुंगात असलेला माणूस यांची भेट म्हटलं की लोकांना एकच चित्र दिसतं: तो रडला, तिने माफ केलं. माफीसाठी ही भेट नसतेच. झाली तर झाली. बहुतेकांना उत्तरं हवी असतात. आमचंच घर का? शेवटी आमचा माणूस काही बोलला का?

1974 मध्ये कॅनडातल्या एल्मायरा गावात तोडफोड करणाऱ्या दोन तरुणांना नुकसान झालेल्यांच्या दारी नेलं, तिथून या पद्धतीची आधुनिक सुरुवात मानतात. टेक्सासच्या तुरुंग खात्याने 1993 पासून हिंसक गुन्ह्यांसाठीही तिची सोय केली. तिथे मागणी पीडिताकडून किंवा त्याच्या कुटुंबाकडूनच यावी लागते. हा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कैद्याने पुढाकार घेतला की नकार देण्याचं ओझंही पुन्हा पीडितावरच पडतं.

कैद्याने गुन्हा कबूल केलेला हवा, आणि भेटीच्या बदल्यात पॅरोल किंवा सूट मिळता कामा नये. नाहीतर पश्चात्ताप खरा की सोयीचा, हे भेट घडवून आणणाऱ्या समन्वयकालाही सांगता येत नाही.

भेट काही तासांची, तयारी कित्येक महिन्यांची. समन्वयक दोघांना वेगवेगळं, पुन्हा पुन्हा भेटतो. पीडिताचे प्रश्न लिहून घेतो आणि तिच्या परवानगीने ते कैद्याला आधीच विचारतो. हे टाळलं की घात होतो. समजा मृताच्या आईने विचारलं, ‘त्याला फार त्रास झाला का?’ खरं उत्तर ‘हो, बराच वेळ’ असेल, तर ते त्या खोलीत पहिल्यांदा बाहेर पडायला नको. तिला ते ऐकायचंय का, हे आधी विचारावं लागतं. कैद्याने गोड खोटं बोलणंही चालत नाही. निकालपत्र तिने वाचलेलं असतं.

दुसरी हमखास चूक म्हणजे पाठ केलेली माफी. ‘माझ्याकडून चूक झाली’ या वाक्यात करणारा गायबच असतो. ‘मी सुरा आणला, मी मारलं’ इथपर्यंत यायला काहींना चार-पाच बैठका लागतात. आपल्या हलाखीच्या बालपणाबद्दल त्याने बोलावं, पण तिने विचारल्यावर.

खोलीतल्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्यांवर बरंच अवलंबून असतं. पीडिताची खुर्ची दाराजवळ. ती आधी येऊन बसणार की तो आधी बसलेला असणार, हे तिनेच ठरवायचं. थांबायचं असेल तर कोणती खूण करायची, तेही ठरलेलं. मृताचा फोटो आत न्यायची लेखी परवानगी आधी घ्यावी, नाहीतर तो गेटवरच राहतो. भेटीची वेळ कैद्यांच्या मोजणीशी जुळवून घ्यावी. ऐन बोलण्यात त्याला उठवून नेलं तर ते अर्धं वाक्य ती घरी घेऊन जाते. शांतता पसरली की नवा समन्वयक घाबरून बोलायला लागतो. तेवढं करू नये.

दुसऱ्या दिवशी दोघांचीही विचारपूस होते, काही आठवड्यांनी पुन्हा. कैद्याचं हे सर्रास राहून जातं. सगळं उकरून काढल्यावर तो एकटाच कोठडीत परततो, म्हणून त्या रात्री त्याच्यावर लक्ष ठेवायला पहाऱ्यावरच्या कर्मचाऱ्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं.